पिलेवायवरची जाळी

नाही, घ्या ना, तिथलं पण घ्या, बाटली भरून घ्या — मी कुठे अडवतोय, तुमचं कामच आहे ते. मी एवढंच म्हणत होतो की एवाल्डच्या शेतातून येणाऱ्या नळीपाशी अजून किती बाटल्या भरणार? सकाळपासून तिथंच उभ्या आहात. आणि जरा डावीकडे सरका, उजवीकडे खोल आहे, आस्गर एकदा तिथं छातीपर्यंत गेला होता — आस्गर म्हणजे माझा भाऊ, हो, तोच, ज्याच्या जागी तुम्हाला शेजारच्या गावाहून उसनं आणलंय. तुमच्या अंगातली ती रबरी विजारही त्याचीच. गुडघ्यावरचं ते हिरवं ठिगळ त्यानं आमच्या स्वयंपाकघरात बसून लावलं होतं, दोन दिवस सगळ्या जेवणाला गोंदाचा वास. अहो नाही, काढू कशाला? पाणी बर्फासारखं आहे, एप्रिलमध्ये काय ऊन पडणार आपल्याकडे. जरा सैल होतेय तुम्हाला, एवढंच. तो अंगानं दांडगा होता.

मी माल्टे. धाकटा. तुमचं नाव दित्ते ना? सकाळी कोणीतरी हाक मारली तेव्हा ऐकलं. मी इथंच बसतो जरा, तुम्हाला चालत असेल तर — घरात बसवत नाही. जॅकेट? जॅकेट राहिलं कुठेतरी. नाही वाजत थंडी. मी नॉर्वेला होतो चार वर्षं, माशांच्या कारखान्यात, तिथल्या थंडीपुढे ही काहीच नाही.

बादलीत मेलेली पिल्लं किती झाली? नको, सांगू नका. दिसतायत. बोटाएवढी आहेत बघा एकेक, आणि कशी चांदीसारखी — ती चांदी त्यांना आत्ताच चढते, समुद्राला निघायच्या वेळी, त्याआधी ठिपके असतात अंगावर. हे मला कसं माहीत? मला काहीच माहीत नसतं हो, मी नववीत शाळा सोडली, तीही शाळेनंच मला सोडली म्हणा. हे सगळं त्याचं बोलणं. फोनवर. मी तिकडे पिवळा एप्रन घालून, हातात सुरी, एका कानात यंत्राचा आवाज, आणि दुसऱ्या कानात हा मला सांगतोय की ओढ्यात खडी टाकली, गोट्यांएवढी, कारण ट्राऊट त्याहून मोठ्या दगडांत अंडी घालत नाही. मी म्हणायचो, अरे मी इथं दिवसभर घोड्याएवढे सॅमन मासे कापतोय आणि तू बोटाएवढ्या माशांसाठी रडतोयस. तो हसायचा. म्हणायचा, तू कापत राहा, कोणीतरी वाढवायला पाहिजेत ना. त्याला राग यायचाच नाही. मला येतो. घरातला सगळा राग माझ्याच वाट्याला आला.

तुम्ही बाहेरच्या, तुम्ही आधीचा ओढा पाहिला नसेल. ओढा कसला, सरळ खणलेला चर होता. आणि जोराचा पाऊस झाला की सांडपाण्याच्या केंद्रात सगळं मावायचं नाही — पावसाचं पाणी आणि संडासचं पाणी एकाच नळातून जायचं ना तेव्हा — मग उरलेलं सरळ ह्यात. लहानपणी आम्ही ह्याला ओढा म्हणतच नव्हतो, काय म्हणत होतो ते तुमच्यासमोर सांगत नाही. आस्गर केंद्रात लागला आणि त्याच्या डोक्यात शिरलं की हे बदलायचं. केंद्र चालवणाऱ्या एकट्या कंपनीनं होणारं नव्हतं ते. मग मासेमारी मंडळाच्या प्रेबेनकडे जा, तो म्हातारा कोणाचं ऐकत नाही, त्याच्याकडे जाऊन पाच-सहा वेळा कॉफी पी. मग एवाल्डकडे जा. ओढ्याला वळणं द्यायची तर कुरण एवाल्डचं. शेतकऱ्याला सांगायचं की तुझी जमीन दे, आम्ही तिथे पाणी वाकडं करणार — कोण देईल? दिली त्यानं. आस्गरनं काय सांगितलं कोणास ठाऊक. कंपनीची खोदयंत्रं, मंडळाची माणसं, एवाल्डची जमीन. शनिवारी सगळे हातानं दगड टाकायचे आणि दुपारी एवाल्डची बायको सॉसेज भाजायची. मला फोटो यायचे. मी बघायचो आणि पुसून टाकायचो, फोनात जागा नसायची.

आणि तो पोहण्याचा तलाव, तो तरी माहीत असेल तुम्हाला. केंद्रातून जे साफ झालेलं पाणी बाहेर पडतं त्याच्यातली ऊब काढून घेतात आणि तलाव तापवतात. गावातल्या म्हाताऱ्या बायका सकाळी तिथं डुंबतात आणि म्हणतात, आम्ही आमच्याच घाणीत पोहतोय. आस्गर म्हणायचा, बायांनो, घाण आम्ही ठेवून घेतली, ऊब तेवढी तुमची परत केली. काल त्या सगळ्या आल्या होत्या. ओले केस घेऊन आल्या, सरळ तलावावरून. चर्चमध्ये क्लोरीनचा वास.

काल पुरलं त्याला. मागच्या रविवारी सकाळी पाव आणायला गेला होता, बेकरीत रांगेत उभा होता, आणि खाली बसला. डोक्यातली शीर. हातात नंबरची चिठ्ठी तशीच. त्याच्यामागच्या बाईला वाटलं, ह्याचं काहीतरी पडलंय, शोधतोय. मी घरी झोपलो होतो. नॉर्वेहून येऊन महिना झाला होता, त्याच्याच घरात, त्याच्याच सोफ्यावर. ऊठ, पाव आणतो, म्हणाला. मी उशी डोक्यावर घेतली.

असो. तुम्ही तुमचं काम करा.

हे बघा, मला काय म्हणायचंय — एवाल्डच्या नळीतून काही निघालं तर ठीक, नाही निघालं तर? नाही निघालं तर सोडून द्याल ना त्याला? का परत याल? प्रेबेन तर सकाळी म्हणाला की करार फाडून टाका, ह्या माणसाबरोबर आता काम करायचं नाही. सगळ्यांसमोर म्हणाला. एवाल्ड तिथंच होता. काल त्यानं वरच्या रानात डुकरांची स्लरी, म्हणजे मलमूत्राचं पातळ खत, सोडली होती हे खरंय, ह्या दिवसांत सगळेच सोडतात, पण तो ओढ्यापासून कितीतरी अंतर ठेवतो, आस्गरनं खुंट्या मारून दिल्यात त्याला, त्याच्या अलीकडे तो येत नाही. लोक म्हणाले त्याचंच काम. म्हणजे सगळे नाही. कोणीतरी म्हणालं. आणि एकदा कोणीतरी म्हणालं की मग सगळ्यांना आठवायला लागतं — अरे हो, काल ट्रॅक्टर दिसला होता, अरे हो, वास येत होता. भांडायला पाहिजे होतं एवाल्डनं. टोपी काढून हातात धरली आणि उभा राहिला, चर्चमध्ये उभा होता तसाच. मग गेला. काल पेटी उचलली ना आम्ही सहा जणांनी, तेव्हा तो माझ्या मागं होता. मला चालता येत नव्हतं, तर त्यानं मागून नुसतं म्हटलं, "मी धरलंय, तू चाल." वजन घेतलं त्यानं माझं. खरंच घेतलं, माझ्या खांद्याला कळलं.

आणि सकाळी तो माणूस टोपी हातात धरून —

स्लरीनं असं होतं का हो? तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला कळत असेल. स्लरी असती तर पाण्याला फेस आला असता, रंग तपकिरी झाला असता. आणि वास — हा वास स्लरीचा आहे का? हा तर नावेच्या बुडाचा वास आहे, त्या रंगाचा, शेवाळं धरू नये म्हणून विष घालतात ना त्यात, आणि त्याच्याबरोबर ते लाकडाचं काळं तेल, आता मिळतही नाही ते, बंदी आली, बापाच्या वेळचं —

काय झालं? का थांबलात?

काही नाही, मी आपलं बोललो. मला काय कळतंय वासातलं. माशांत चार वर्षं राहून नाक मेलंय माझं. हात? हाताला ते सायकलच्या साखळीचं आहे. काळं असतंच ते. नखात जातं. तांबडं? तांबडं कुठे आहे.

दित्ते, असं बघू नका हो. तो पण असाच बघायचा. काही विचारायचा नाही, नुसता बघायचा, आणि मग मी आपोआप सांगायचो — खिडकी मी फोडली, मोपेड मी नेली. तुम्ही लोक हे केंद्रात शिकता का काय?

काल काय झालं सांगू? सांगतो. ह्याचा त्याच्याशी काही संबंध नाही, आपलं सांगतो. चर्चमध्ये तुमची ती बिर्गित उभी राहिली, कंपनीची प्रमुख. छान बोलली, म्हणे. मला काही छान वाटलं नाही. भागीदारी, म्हणाली. मंडळाबरोबर भागीदारी, शेतकऱ्यांबरोबर भागीदारी, तलावाबरोबर, शाळेबरोबर — मी मोजत होतो, त्याच्या पेटीसमोर किती वेळा म्हणते ते, मग मोजणं सोडलं. माझा भाऊ त्या पेटीत आणि ही बाई त्याला पुलासारखं वापरतेय, ह्या बाजूचे लोक, त्या बाजूचे लोक. आता आज विचार केला तर तिला दुसरं काय बोलता आलं असतं? तेच तर करत होता तो. पण काल मला डोकं नव्हतं.

मग पुरलं. मग सगळे पाद्रीच्या हॉलमध्ये कॉफीला. मी नाही गेलो, चालत सुटलो, केंद्राच्या बाजूनं. तिथं झेंडा. आठवडाभर अर्ध्यावर होता, मी रोज बघत होतो, बरं वाटायचं — म्हणजे बरं नाही, पण वाटायचं की कोणाला तरी कळलंय. आणि काल मी कुंपणापाशी पोहोचतोय तोवर एका पोरीनं दोरी ओढली आणि झेंडा वर. पार टोकापर्यंत. मला माहीत आहे हो, तशीच रीत आहे, माणूस मातीत गेला की झेंडा वर चढवायचा, आपल्याकडे सगळेच चढवतात, बापाच्या वेळी आम्हीही चढवला, आस्गरनंच दोरी ओढली होती. हे सगळं माहीत असून मला वाटलं — संपलं ह्यांचं. आठवडा झाला, कामाला लागले. त्या पोरीनं दोरी बांधली, हात झटकले आणि आत गेली. ते हात झटकणं मी पाहिलं ना, तिथंच माझं डोकं फिरलं.

घरी आलो. शेड उघडली. ती लाल पेटी आहे ना, कंपनी घरोघर देते, रंग, तेल, विषारी काय असेल ते त्यात ठेवायचं आणि कचराकेंद्रात नेऊन द्यायचं — ती. आमच्या रस्त्यावर त्या पेट्या आस्गरनंच वाटल्यात. त्याची स्वतःची भरलेली होती, बापाच्या नावेचं सगळं, बुडाचा तांबडा रंग, काळं तेल. म्हणायचा, माल्टे, शनिवारी नेऊन टाकू, तू गाडीत धरून बस. मी ती उचलली आणि रस्त्यावर आणली, आणि घरासमोरच्या गटाराच्या जाळीत ओतली. एकेक डबा. जे घट्ट झालं होतं ते काठीनं. मी काय म्हणत होतो सांगू का? मोठ्यानं म्हणत होतो, रस्त्यात कोणी नव्हतं, सगळे कॉफीला. म्हणत होतो, जा, जा त्यांच्या केंद्रात, बसा म्हणावं साफ करत. घ्या वास. मला त्या केंद्राला दुखवायचं होतं. बिर्गितला, त्या दोरीवाल्या पोरीला. लहानपणापासून मला एवढंच माहीत की रस्त्यावरच्या जाळीत टाकलेलं सगळं केंद्रात जातं. तेव्हा जायचंच. मी चार वर्षं नव्हतो ना इथं.

जाळीशेजारी कडेच्या दगडावर एक पितळी मासा बसवलाय. तो नवा आहे. मी पाहिला. शोभेचा असेल वाटलं. ओतताना तोल जाऊ नये म्हणून मी त्याच्यावर बूट ठेवला होता.

रात्री थोडा पाऊस झाला.

सकाळी प्रेबेनच्या माणसानं फोन केला, आस्गरच्या फोनवर केला, नंबर कोणी पुसलेला नाही अजून — मासे मेलेत म्हणाला. मी धावत आलो. मला वाटलं, आस्गरचे मासे, मी जायला पाहिजे, आता मीच आहे. आलो आणि काठावर उभा राहिलो आणि वास आला. ओळखीचा वास. मी वर चालत गेलो, त्या झाडांपर्यंत — तुमच्या मागे, ती वाकलेली झाडं आहेत ना, तिथं खाली एक नळी आहे, पानांत दिसत नाही. तिचं तोंड तांबडं झालं होतं. प्रेबेन मागून आला. मी त्याला विचारलं, अगदी सहज विचारल्यासारखं, ही कसली नळी? तो म्हणाला, "पिलेवाय रस्त्याची, पावसाची. तुझ्या भावानं वेगळी काढली ना. एकेका दारात जाऊन त्यानं लोकांना पटवलं, दोन वर्षं लागली. आता पावसाचं पाणी केंद्रात जातच नाही, स्वच्छच असतं ते, सरळ ओढ्यात, म्हणून तर जाळीपाशी तो पितळी मासा बसवलाय." आणि म्हणाला मधे एक तळं होणार होतं, पाणी जरा थांबायला, पुढच्या वर्षी.

आणि प्रेबेन खाली वाकायला लागला, नळीकडे. तेव्हा मी म्हणालो. कोणीतरी म्हणालं असं मघाशी सांगितलं ना तुम्हाला — कोणी नाही, मीच. मी म्हणालो, एवाल्डनं काल स्लरी टाकलीय, तिकडे बघा. तोंडातून गेलं. प्रेबेननं मान वर केली. आस्गरचा भाऊ बोलतोय, तो कशाला खोटं बोलेल? सगळ्यांनी माझं ऐकलं, कारण मी त्याचा भाऊ. काल ज्यानं माझं वजन घेतलं त्याच्या अंगावर मी हे टाकलं, आणि तो माझ्याकडेच बघत होता टोपी काढून. मला वाटतं त्याला कळलं. नाही, माहीत नाही मला. सगळे खाली गेल्यावर मी जॅकेट काढलं, कालचंच काळं जॅकेट, आणि नळीचं तोंड पुसलं. दगड पुसले. पुसून जात नाही ते. जॅकेट तिथंच झाडात कोंबलंय.

शिव्या द्या. नाही देणार? बरं.

थांबा, ते नका भरू आता, बाटल्या राहू द्या, ऐका. सगळं गेलेलं नाही अजून. जाळीच्या खाली खड्डा असतो, माती बसायला — त्यानंच सांगितलं होतं, मी तेव्हा जांभया देत होतो — जड असतं ते तिथं बसून राहतं. मी घट्ट काय काय ढकललंय आत, ते तिथंच आहे. रात्रीच्या पावसानं वरवरचं तेवढं आलं. तिकडे पश्चिमेला बघा. दिसतंय ना? हा रात्रीसारखा पाऊस नाही. हा आला की सगळं खाली येणार. आणि खाली लाकडी पुलापाशी पिल्लं अजून जिवंत आहेत. मी मघाशी बघून आलो, बरीच आहेत. प्रवाहाकडे तोंड करून उभी राहतात आणि शेपटीकडून मागे मागे सरकत समुद्राकडे जातात, तशीच जातात ती, वेड्यासारखी. त्यांना आजचा दिवस मिळाला तर निघून जातील.

म्हणजे तुमची ती शोषून घ्यायची गाडी पाहिजे, आत्ता. पिलेवाय, पिवळ्या घरासमोर, पितळी माशाजवळची जाळी. आणि नळीच्या तोंडाला काहीतरी लावा, गोणी, काय असेल ते. लावा फोन. माझ्याकडे काय बघताय, फोनाकडे बघा.

मी एवाल्डकडे जातो. नाही, तुम्ही नका सांगू त्याला, तेवढं मला करू द्या. तो गोठ्याजवळ आहे, ट्रॅक्टर उभा आहे बघा त्याचा. काय बोलणार माहीत नाही. जाऊन उभा राहीन आधी. मग प्रेबेनकडे, तो मारेल बहुतेक, म्हातारा असला तरी हात जड आहे त्याचा.

लागला? उचलला? — हो, सांगा, पिलेवाय. हो. काय विचारतायत? कोणी केलं?

आस्गरचा भाऊ म्हणू नका. ऐका ना, दित्ते — ते नाव घेऊ नका फोनवर, त्याच्या लोकांना नको ते. माल्टे म्हणा. नुसतं माल्टे.

आणि चला आता, त्या नळीकडे निघा, इथं काय उभ्या आहात. जा ना.